साडूंचा चिमटा

माणसाचं खरं वय सांगणारा माणूस अख्ख्या सांगली जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला थोरला साडू म्हणून आला. कागदावरच्या वयाला ते काडीची किंमत देत नसत. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. आमच्या पिढीला शाळेत घालताना मास्तरांनी सरसकट एक जून ही जन्मतारीख लावून टाकलेली. "अख्खं गाव एकाच दिशी बाळंत झालं व्हय?" असं विचारून ते उत्तराची वाट न बघता समोरच्याच्या पंजाची पाठ चिमटीत धरत. कातडं वर ओढायचं, सोडायचं आणि ते सपाट होईपर्यंत कवायतीच्या ठेक्यात आकडे मोजायचे, आणि त्या आकड्यावरून वय सांगायचं. एक-दोनमध्ये बसलं तर जवान. पाचाच्या पुढं गेलं की म्हणत, "पावणं, आता दुपारचं झोपत चला."

बावीस वर्षं पलटणीच्या दवाखान्यात मलमपट्टी करून ते एक्याण्णवच्या सुमारास कवठे महांकाळला परतले, ते ही विद्या घेऊनच. पलटणीतल्या कुणा डॉक्टरानं त्यांना सांगितलं होतं की कातड्यात दोन प्रोटीनं असतात, कोलॅजन आणि इलॅस्टिन. साडूंनी ते आपल्या भाषेत बसवलं. "कोलॅजन म्हंजे बाजंचा काथ्या. दरसाली थोडा थोडा कमी व्हतो, मग बाज झोळ खाती. इलॅस्टिन म्हंजे चड्डीचं इलॅस्टिक. ते ल्हानपणीच काय मिळंल ते. सैल झालं की नवं न्हाई." हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगत, जिलबी वाढणाऱ्याचा हात धरून. एकदा पुतणीसाठी आष्ट्याला स्थळ बघायला गेलो, तर चहाचा कप खाली ठेवून यांनी नवऱ्या मुलाचाच पंजा धरला. कागदावर वय सत्तावीस. साडू म्हणाले, "चौतीस." मुलाच्या आईनं मान खाली घातली आणि मी दारातल्या चपला शोधायला लागलो. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एखादा आकडा कमी सांगितला असता तर काय बिघडलं असतं?" साडू भडकले. "खोटा आकडा सांगायचा न्हाई. सख्ख्या बापाला सांगितला न्हाई मी." नव्हताच सांगितला. म्हाताऱ्याचा आकडा नऊ आला तेव्हा भरल्या घरात नऊ सांगून मोकळे झाले होते.

एवढ्या जगाचे पंजे धरले, पण बायकोचा हात त्यांनी कधी मोजायला घेतला नव्हता. ती माझी थोरली मेहुणी, आम्ही तिला अक्का म्हणतो. साडू वर्षाकाठी दोन महिने रजेवर यायचे. उरलेले दहा महिने माळावरची ज्वारी, द्राक्षाची बाग, सासू-सासरे, सगळं तिनं एकटीनं ओढलं, तेही उन्हातान्हात. आणि उन्हाबद्दल साडूच सगळ्यांना सांगत, की वयापेक्षा ऊन जास्त खातं, खोटं वाटत असलं तर दंडाच्या आतलं कातडं बघा आणि पंजावरचं बघा. हे सुरू झालं की अक्का गपचूप हात पदराखाली घ्यायची.

एका दिवाळीत आम्ही तिथं होतो. ओसरीवर साडू माझा पंजा मोजत बसलेले. अक्का बागेच्या छाटणीवरून आली, कात्री खाली ठेवली आणि त्यांच्यापुढं हात धरला. "आवं, सगळ्या गावाचं मोजता, माझं बी मोजा. बावीस वर्सांत किती गेलं, कळू द्या मला."

साडूंचा चेहरा उतरला. पण नाही कसं म्हणणार? त्यांनी चिमटी धरली, सोडली. कातडं तसंच उभं. मीही मोजत होतो. चार, पाच, सहा, सात. साडूंनी अंगठ्यानं ते हलकेच दाबून सपाट केलं आणि म्हणाले, "तीन."

अक्कानं हात मागं घेतला नाही आणि त्यांनीही सोडला नाही. मी उगाच उठून गोठ्यात म्हैस बघायला गेलो.

त्या दिवसानंतर साडूंनी कुणाचा पंजा धरला नाही. कुणी आपणहून हात पुढं केलाच तर म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या. माझी मोजणी चुकाय लागलीया."

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. लग्नकार्यात माझा पंजा मोकळाच राहतो आणि त्यांची फार आठवण येते. परवा अक्का आमच्याकडे सांगलीला आली होती. चहा पिताना स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाली, "पावणं, त्या दिशी तुमी बी मोजत व्हता. व्हट हालताना बघितलंय मी. खरं किती व्हतं?"

"तीन," मी म्हणालो.

तिनं पदरानं डोळे टिपले आणि हसली. "शोभता खरं त्यांचं साडू."