सोमवारपासून मी मास्तरीणबाई

गेले दोन-तीन दिवस माझ्या पोटात गोळा येतोय. नातीला वाटतं, पित्त. ती मला थंड दूध आणून देते आणि मी मुकाट्याने पिते, कारण खरं सांगायची लाज वाटते. नातवंडांची लग्नं जुळवायच्या वयात मला वर्गाची भीती वाटते आहे.

वर्ग म्हणजे आमच्या गावच्या समाजमंदिराची खोली. ज्या बायकांना लिहावाचायला येत नाही, त्यांना सोमवारपासून दुपारच्या वेळी शिकवायचं. शाळेतले गुरुजी शिकवायला कोणी मिळतं का बघत फिरत होते. दारात येऊन म्हणाले, "काकू, तुमचं डी.एड. झालंय ना?" लग्न होऊन या गावात आल्यापासून हे मला कोणीच विचारलं नव्हतं. मी इतक्या घाईने 'हो' म्हणाले, की कशासाठी विचारताय तेही त्यांना सांगू दिलं नाही.

डी.एड. झालंय ते नगरला. त्यानंतर काष्टीजवळच्या या शेतकरी घरात आले. मग ऊस आला, म्हशी आल्या, पोरं आली आणि नोकरी राहून गेली. पण नगरमधली ती पोरगी, म्हणजे तेव्हाची मी, काय दिमाखात असायची! सराव पाठाच्या आदल्या दिवशी आरशासमोर उभी राहून हातवारे बसवायची. कुठे हसायचं, कुठे भुवया उंचवायच्या, सगळं ठरलेलं. खडूसुद्धा करंगळी वर करून धरायची. फळ्यावर अक्षर नीट येवो न येवो, करंगळी वर हवी.

तिचा पहिला सराव पाठ 'फुलाचे भाग'. वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक सर वही उघडून बसलेले. आमच्या शिक्षणात अशी रीत होती, की पाठाचं नाव आधी सांगायचं नाही. इकडचे तिकडचे प्रश्न विचारत मुलांना तिथवर आणायचं आणि मग ऐटीत जाहीर करायचं, आज आपण अमुक शिकणार आहोत. हिने जास्वंदीचं फूल पाठीमागे लपवलं आणि गोड आवाजात विचारलं, "तुमच्या अंगणात काय काय लावलंय बरं?"

पुढच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, फुलाचे भाग ना?"

सगळा वर्ग तयार होता. हिचा प्रश्न अर्धा व्हायच्या आत उत्तरं येत होती. निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर, सगळं एका सुरात. पोरगी घरी गेली ती तरंगतच. आईला म्हणाली, "मी बोलायला लागले की मुलांना आपोआप समजतं गं." त्या शाळेतल्या मुलांनी तोच पाठ त्याच महिन्यात आणखी दोघीतिघींकडून ऐकला होता, हे मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी सांगितलं. तरी या शहाणीला वाटत राहिलं, की त्यांना खरं समजलं ते माझ्यामुळेच!

अशा पोरीच्या हाती सोमवारी दहाबारा बायका सोपवायच्या. मला भीती वाटते ती हिचीच. कारण ती गेलेली नाही. परवा ती पुन्हा भेटली.

झालं असं, की मला आधी घरी एक पाठ घेऊन बघायचा होता. विद्यार्थिनी म्हणून माझी थोरली जाऊ बसली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिचं घर आमच्या अंगणापलीकडेच. माझी नात बी.एड. करते, सुट्टीला आली होती, ती निरीक्षक म्हणून कॉटवर मांडी घालून बसली.

आक्काला शिकायचंय ते एका कारणासाठी. तिची लेक श्रीरामपूरला दिलीय. तिला घरात मोकळं बोलता येत नाही, म्हणून ती मोबाईलवर लिहून पाठवते. ते आक्काला नातवाकडून वाचून घ्यावं लागतं. लेकीचं सासरचं दुखणं पोरगं ओसरीत उभं राहून शाळेतल्या धड्यासारखं मोठ्याने वाचतं. शेजारपाजार ऐकतो. मग लेकीने लिहिणंच कमी केलं. आक्का मला एवढंच म्हणाली, "तिचं मला एकटीला कळाया पायजे."

तर आक्का पाटावर बसली. बसता बसता म्हणाली, "मारनार न्हाईस ना गं?"

"आक्का, काहीतरीच काय!"

"तसं न्हाई. मी तुला भाकरी शिकवली तवा उलथनं उगारलं हुतं. आता तुजी पाळी."

नात खिदळली. मीही हसले, पण आक्का हसली नाही. ती लहानपणी थोडेच दिवस शाळेत गेली होती आणि का सोडली ते तिने कधी सांगितलं नव्हतं.

मी रंगीत खडूंनी काढलेला तक्ता उघडला. क कमळाचा, म मक्याचा, ब बकरीचा. आक्का म्हणाली, "कमाळ कशाला? आपल्याकडं कुटं हाय? कांदा काढायचा." मी तिकडे दुर्लक्ष केलं. कमळ फार सुरेख आलं होतं. मी पट्टी ठेवत गेले आणि आक्का धडाधड सांगत गेली. वरून खाली, खालून वर, मधलंच कुठलंही. मी नातीकडे बघितलं, आणि खरं सांगते, माझी करंगळी वर गेली होती.

नात म्हणाली, "आज्जी, चित्रं झाक ना."

मी चित्रांवर तळहात ठेवला. नुसती अक्षरं राहिली. आक्का बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "हात काढ की."

मी काही बोलले नाही. देवाशपथ, एक शब्द नाही. पण आक्का उठली. "म्हशीला पानी दाखवायचं हाय," म्हणाली आणि गेली. म्हशीला पाणी दाखवून तासही झाला नव्हता.

"मी काय केलं गं?" मी नातीला विचारलं.

"तुझं तोंड बघायला हवं होतंस," ती म्हणाली. "लिंबू चावल्यासारखं."

तेव्हापासून हा गोळा. दोन दिवस आक्का अंगणात आली नाही. माझ्या ओट्यावरून तिची ओसरी दिसते. मोबाईल वाजला की ती तो हातात घेते, डोळ्यांपासून लांब धरून बघते आणि पुन्हा उशीखाली ठेवते. नातवाला हाक मारत नाही. म्हणजे लेकीचं काहीतरी तिथे न वाचलेलं पडून आहे, आणि ते माझ्या तोंडामुळे.

नातीच्या पुस्तकांत चांगल्या शिक्षकाबद्दल पानंच्या पानं आहेत. मी वाचली. पण आमच्या गावातली बाई दुसरीला वाईट वाटू नये म्हणून 'व्हय व्हय' म्हणते, तिचं काय करायचं ते मला त्यात सापडलं नाही. सोमवारी सगळ्या जणी माना डोलावतील. मी गोड बोलेन, त्या गोड 'व्हय' म्हणतील, आणि वर्ष संपलं तरी एकीलाही लेकीचे चार शब्द वाचता येणार नाहीत. ज्या वर्गात कोणी 'कळलं नाही' म्हणत नाही, तिथे कोणी शिकवत तरी असतं का? हे तेव्हा त्या तरंगणाऱ्या पोरीला कोणी विचारायला हवं होतं. ती म्हणा, भुवया उंचावून निघून गेली असती.

आज रविवार. सकाळी मी लसूण सोलत बसले होते, तर आक्का आली. मोबाईल पुढे केला. "ह्ये पयलं 'आई' असनार, तेवडं मला कळतं. म्होरलं न्हाई कळालं."

मी चष्मा सावरला, ओळीवर नजर टाकली आणि वाचायला तोंड उघडलं. तिने झटकन पडद्यावर हात ठेवला.

"वाचू नगंस. निस्तं अक्षार सांग."

तिने अंगठा थोडासा सरकवला. एकच अक्षर दिसलं.

"ब," मी म्हणाले.

"बकरीतला?"

"बकरीतला."

तिने ते जरा वेळ बघून घेतलं. मग अंगठा पुढे सरकवला. त्या एका ओळीला आम्हाला लसणाच्या दोन गड्ड्यांएवढा वेळ लागला. अक्षरं मी सांगत गेले, पण लेकीने काय लिहिलं होतं ते मनातही जुळवलं नाही. ओळ संपल्यावर आक्काने पदराने डोळे पुसले, की नुसता घाम, तेही मी विचारलं नाही.

उठताना म्हणाली, "उद्या सगळ्यांदेखत मीच पयली म्हननार, कळालं न्हाई म्हनून. थोरली म्हनली की बाकीच्याबी बोलत्याल."

"खरंच म्हणाल, आक्का?"

"म्हनंन की. पन तू तोंड केलंस ना परवासारकं, तर उठून जाईन. आनि मी उठले की सगळ्या उठत्याल, ध्यानात ठेव."

तक्ता मी गुंडाळून माळ्यावर टाकला. दुपारपासून आरशासमोर उभी आहे. नात दारात उभी राहून आक्काच्या आवाजात ओरडते, "कळालं न्हाई!" आणि मी माझं तोंड बघते. पाचदा झालं. अजून थोडं वाकडं होतंच आहे.

"आज्जी, पुन्हा," नात म्हणते.

मी करंगळी खाली घेते आणि पुन्हा उभी राहते.