थोर्किलने कुलूप काढलं

थोर्किल आमच्या फेरीबोटीवर एकतीस वर्षं आहे. सुकाणू माझ्याकडे, डेक त्याच्याकडे. गाड्या ओळीत लावायच्या, तिकिटं द्यायची, धक्क्यावरचा दांडा वरखाली करायचा, हे त्याचं काम. खाडी इथे अरुंद आहे, पाच मिनिटांत बोट पलीकडे लागते. पण वारा वायव्येचा आणि जोराचा असला की बोट धक्क्याला टेकत नाही. मग लोकांना पुलावरून चाळीस किलोमीटरचा वळसा पडतो. त्यामुळे सकाळी उठल्या उठल्या दोन्ही काठांवरच्या माणसांना एकच विचारायचं असतं, आज बोट सुटणार का?

ते सांगायचं काम थोर्किलचं, आणि थोर्किल अडखळत बोलतो. थोडंथोडकं नाही. एखाद्या अक्षरावर जीभ अशी अडते की मान ताठ होते, डोळे मिटतात. इथे मी त्याचं बोलणं सलग लिहिणार आहे, पण ते तसं सलग कधीच येत नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, बिचाऱ्याला मदत करावी, म्हणून तो याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. फोनवर तर हमखास. हा 'बोट सुटणार' इथवर पोचला की पलीकडचा खूश होऊन आभार मानायचा आणि फोन ठेवायचा. याला म्हणायचं असायचं, 'सुटणार नाही.'

एकसष्टाव्या वर्षी थोर्किल वाचनालयात भरणाऱ्या वर्गात जाऊन नवा फोन वापरायला शिकला आणि त्याने एक अकाउंट उघडलं. रोज सकाळी सहाला धक्क्यावर उभं राहून तो स्वतःचा व्हिडिओ काढायचा. वारा कुठला, किती, पहिली फेरी होणार की नाही. दुसऱ्या कुणाला वीस सेकंद लागली असती, त्याला दीड-दोन मिनिटं लागायची. मी एकदा म्हटलं, अरे, लिहून टाक की, सोपं पडेल. तो म्हणाला, लिहिता मला आधीपासून येतंच. बोलायला जागा मिळाली ती आत्ता, कारण फोनला मध्येच तोंड घालता येत नाही.

तीन-साडेतीनशे लोक त्याच्या अकाउंटला जोडलेले होते. पण खरे बघणारे त्याहून जास्त. डुकरं वाहून नेणारा हार्डी, पशुवैद्यीण, शाळेचे बसवाले, सगळे न जोडताच रोज सकाळी डोकावून जायचे.

दोन वर्षं अशी गेली. मग गेल्या मार्चमध्ये कुणीतरी, कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या माणसाने, थोर्किलचा एक व्हिडिओ उचलला आणि त्याच्या अडखळण्याला ढोलाचा ठेका लावला. जीभ अडली की ढोल. तीन दिवसांत दोन लाख लोकांनी तो पाहिला. थोर्किलच्या मूळ व्हिडिओखाली अनोळखी माणसांची रांग लागली. एकाने लिहिलं, आजोबांची बॅटरी संपली वाटतं. दुसऱ्याने लिहिलं, हा बोलून होईस्तोवर बोट गंजून जाईल. बाकीचं लिहीत नाही.

त्याच्या मुलीचं नाव मालेने; ती खाडीपलीकडे नगरपालिकेच्या कचेरीत काम करते. तिने तो व्हिडिओ पाहिला तो जेवणाच्या सुट्टीत, सहकाऱ्याच्या फोनवर. 'हे बघ, काय भारी आहे,' म्हणून त्याने समोर धरला. तो तिचा बाप आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी ती थेट वडिलांच्या घरी आली. थोर्किल कॉफी करायला वळला तेवढ्यात तिने टेबलावरचा फोन घेतला. पासवर्ड तिनेच लावून दिला होता. अकाउंट खाजगी करायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. कॉफी आल्यावर तिने सांगितलं, की आता जोडलेल्यांनाच दिसेल, नवीन कुणाला बघायचं असेल तर त्याने विनंती करायची, आणि ती मान्य करायची की नाही ते तू ठरव. तुझ्या भल्यासाठीच केलंय. थोर्किल कॉफी प्यायला आणि ती गेल्यावर त्याने कप विसळून ठेवले, एवढंच.

दोन दिवसांनी वारा उठला. थोर्किलने नेहमीप्रमाणे सांगितलं, पहिल्या तीन फेऱ्या रद्द. साडेसहाला बघतो तर हार्डी ट्रकभर डुकरं घेऊन बंद दांड्यासमोर उभा. मागे शाळेची बस, तिच्यामागे पशुवैद्यीण. हार्डी खाली उतरला आणि त्याने तोंड सोडलं.

"काय रे, दोन वर्षं फुकट दाखवलंस, आता आमच्याकडून अर्ज मागतोस? मी काय तुझ्या पोरीला मागणी घालायला आलोय?"

थोर्किल त्याला समजावू लागला, पण हार्डीला ऐकत थांबायला वेळ नव्हता. ट्रक वळवून तो वळशाच्या रस्त्याला लागला.

त्या सकाळी फेऱ्याच नव्हत्या, म्हणून आम्ही धक्क्यावरच्या खोलीत काळा पाव आणि हेरिंग मासे खात बसलो होतो. थोर्किलने फोन माझ्यापुढे सरकवला. एकशे अठ्ठेचाळीस विनंत्या थांबल्या होत्या. "यातला हसणारा कोण आणि बोटीला यायचंय तो कोण, तूच सांग," म्हणाला. मी नावं वाचली. काही ओळखीची, बरीचशी नाहीत. "धक्क्यावर तर मी कुणाला असं कधी विचारलं नाही," तो म्हणाला. "जो आला त्याला दांडा वर केला. चोर असेल, पाद्री असेल. आता इथे दाराशी बसून माणसं पारखू?" आणि त्याने तिथल्या तिथे अकाउंट पुन्हा उघडं केलं.

दुपारी वारा पडल्यावर त्याची मुलगी धक्क्यावरच्या खोलीत आली. तिच्या डोळ्यांवरूनच कळलं, की अकाउंट पुन्हा उघडलेलं तिने पाहिलंय. मी उठायला लागलो तर थोर्किलने हाताने खाली बसवलं.

"बाबा, तुला कळत कसं नाही? लोक काय काय लिहितात ते वाचलंयस का तू?"

"सगळं वाचलंय," तो म्हणाला. "पहिलीत होतो तेव्हापासून ऐकतोय. नवीन काही नाही त्यात. ढोल तेवढा नवीन."

ती म्हणाली, तेव्हा वर्गातली वीस पोरं होती, आता दोन लाख माणसं आहेत. दार बंद करणं म्हणजे भित्रेपणा नाही, शहाणपण आहे. हे ती खरंच त्याच्या काळजीने बोलत होती, हे मला दिसत होतं. आणि त्यालाही.

"मी बंद केलं असतं तर शहाणपण," थोर्किल म्हणाला. "तू बंद केलंस. माझं तोंड, मला न विचारता. आणि ही पहिली वेळ नाही."

मग त्याने जुनी गोष्ट काढली. मुलगी चौदा वर्षांची झाली तेव्हा तिचा चर्चमधला विधी झाला, घरी पन्नास माणसांचं जेवण होतं. अशा जेवणात बाप उठून उभा राहतो आणि मुलीबद्दल चार शब्द बोलतो. थोर्किलने भाषण लिहिलं होतं, महिनाभर बोटीवर पाठ केलं होतं. माझ्यासमोर डेकवर किती वेळा म्हणून दाखवलं असेल. आदल्या दिवशी बायकोने येऊन सांगितलं, पोरीला वाटतंय मामाने बोलावं. मामा बोलला. छान बोलला. लोक हसले, पेले उंचावले. थोर्किलचा कागद कोटाच्या खिशातच राहिला. दहा वर्षांनी तिच्या लग्नातही मामाच उठला, आणि या वेळी कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही.

हे सगळं सांगायला त्याला किती वेळ लागला असेल, मोजला नाही. मुलगी एकदाही मध्ये बोलली नाही. तो थांबल्यावर म्हणाली, "मला तेव्हा लाज वाटायची."

"माहीत आहे."

"आणि त्या दिवशी ऑफिसात, त्याने फोन दाखवला तेव्हा..." ती खिडकीकडे बघत होती. "मीसुद्धा थोडी हसले, बाबा. कुणाला कळू नये म्हणून."

थोर्किलने फोन उचलून स्वतःच्या खिशात ठेवला. मग म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. तुला आत्तासुद्धा लाज वाटत असेल तर वाटू दे, मी काही म्हणणार नाही. तुझं अकाउंट हवं तेवढं झाकून ठेव. माझं उघडं राहणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्याने जो व्हिडिओ टाकला तो आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तो म्हणाला, माझं नाव थोर्किल, मी अडखळतो. वारा पश्चिमेचा, सेकंदाला सात मीटर, सगळ्या फेऱ्या होतील. मध्ये दोन दिवस इथे कुलूप होतं, त्याबद्दल हार्डीची आणि त्याच्या डुकरांची माफी मागतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसावं, पण बोटीला यायचं असेल तर सुटायच्या आधी पाच मिनिटं यावं, हसण्यासाठी बोट थांबत नाही. तीन मिनिटं दहा सेकंद लागली. जीभ अडते म्हणून एक शब्दही त्याने बदलून सोपा करून घेतला नाही.

फेरीच्या कंपनीच्या ऑफिसातून साहेबांचा फोन आला. सूचना दुसऱ्या कुणी वाचल्या तर कसं, असं त्यांनी फार गोड शब्दांत विचारलं. थोर्किलने फोनवर, अडत अडत, पण स्वतःच्या तोंडाने शेवटपर्यंत सांगितलं की हे अकाउंट कंपनीचं नाही, माझं आहे. साहेबांनी पुन्हा विचारलं नाही.

हसणारे काही सुधारले नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत कंटाळले, दुसरं काही मिळालं असेल. अजूनही कुणी कुणी येऊन घाण लिहून जातो, थोर्किल ती पुसतही नाही. मालेनेला आजही वाटतं की बंद ठेवलेलं बरं, आणि दर रविवारी ती तसं म्हणतेच. पण फोनला हात लावत नाही.

जुलैत शहरातली तीन पोरं गाडी घेऊन बोटीवर आली. त्यांनी थोर्किलला ओळखलं, एकमेकांना कोपरं मारली, आणि एकाने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. काका, काहीतरी बोला ना. थोर्किलने तिकिटाचं यंत्र खिशात घातलं, टोपी सरळ केली आणि बोलायला लागला. इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, गाडीतून उतरू नका, तिघांचं आणि गाडीचं मिळून तिकीट किती ते. प्रत्येक शब्द, पूर्ण. मी वरून बघत होतो. सुटायची वेळ होऊन गेली होती, पण मी बोट धक्क्यालाच धरून ठेवली. त्यांच्या मागे हार्डीचा ट्रक होता, त्यानेही हॉर्न दिला नाही. निम्म्यात एका पोराने मान खाली घातली. फोनवाला शेवटपर्यंत धरून उभा राहिला. त्याने पुढे त्याचं काय केलं, मला माहीत नाही. थोर्किलने तिकिटं दिली, साखळी लावली आणि मला हात केला.