माहेरच्या चिखलाचं वजन

ट्रॅकवर पळवायच्या गाडीच्या चाकांचं बॅलन्सिंग करायचं की नाही, यावरून आमच्या रोह्याच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी आम्हा सासू-सुनेत कधी झाली नाहीत. नवऱ्याचं पालुपद एकच. "ट्रॅकवर रबर भराभर झिजतं, चाक सारखं तोलायला रिमला चिकटवलेली वजनं उडून जातात. कशाला ती हौस?" माझं म्हणणं, चाक थरथरलं की स्टिअरिंग थरथरतं, आणि स्टिअरिंगवर हात माझे असतात, तुझे नाय.

हाताचीच तर मला धास्ती होती. गेल्या वर्षी उजवं मनगट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, जुळलंय, खुशाल चालवा. पण आमची जुनी, दोन सीटची लाल गाडी पुन्हा तशीच सुसाट नेता येईल का, हे डॉक्टरांना काय माहीत? यंदा जमलं नाही तर गाडी विकून टाकायची, असं मी मनाशी ठरवलं होतं.

भांडणात शेवटी मीच जिंकले. ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी पेणच्या टायरवाल्याकडे निघालो आणि वाटेत कासूजवळ माझ्या माहेरी चहाला थांबलो. खाडीकडचा बांधाचा रस्ता, त्यात गाडी बुटकी. चाकांच्या आत खारा चिखल गच्च बसला आणि पेणला पोचेपर्यंत उन्हात वाळून दगड झाला. टायरवाला म्हणाला, "आधी धुवून आणा." नवरा म्हणाला, "राहू दे हो, उशीर होतोय." चाकं मशीनवर फिरली, वजनं चिकटली, तोल चुकल्याचा आकडा शून्यावर आला. मी खूश!

दुसऱ्या दिवशी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर वेग धरला आणि स्टिअरिंग थडथड हलायला लागलं. नवरा उभा होता तिथे गाडी बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि मला रडूच कोसळलं. गेलं माझं मनगट!

"बॅलन्सिंग तर केलंय ना हट्टानं?" थरथर ऐकून नवरा हसत म्हणाला. "नाचता येईना, अंगण वाकडं!" मग माझे डोळे बघितले आणि मेल्यानं खिशातला रुमाल पुढे केला.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

"पोचलात का गो? सकाळी तुम्ही आवरत होतात ना, तेव्हा गाडी धुतली मी. हळदकुंकू लावलं. चाकांच्या पोटात केवढा चिखल, तुझ्या म्हायेरचा! उलथण्यानं खरवडून काढला. अशी मळकी गाडी नेतात व्हय?"

पेणच्या मशीनवर चाकं चिखलासकट तोलली होती. आता चिखल गेला होता आणि त्याच्यापायी लावलेली वजनं तेवढी राहिली होती. म्हणजे हात नव्हे, चाक! अंगण खरंच वाकडं होतं की!

"आई, तुमचं उलथणं सोन्यानं मढवते!" मी फोनवर ओरडले.

त्यांना काही कळलं नाही. "मढव गो," म्हणाल्या.

ट्रॅकवर एक टायरवाला मशीन घेऊन बसला होता. त्याच्याकडून चाकं पुन्हा तोलून घेतली. या वेळी नवरा हेल्मेट चढवून शेजारी बसला, म्हणाला, "बघू तरी." सरळ पट्टा आला तसा मी पाय दाबला. स्टिअरिंग अगदी गप. वळण आलं, गेलं, पुन्हा पट्टा. मी एकटीच मोठमोठ्यानं हसत होते, आणि मनगट जणू कधी मोडलंच नव्हतं.

गाडी थांबवून विचारलं, "आहे का आता थरथर?"

वळून बघितलं, तर सीटचा पट्टा घट्ट धरलेले त्याचे दोन्ही हात लटलट कापत होते.