ताप उतरल्यावर आलेला माणूस

"ब्रेन फीवर होता," दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. ब्रेन फीवर म्हणजे मेंदूत शिरलेला ताप. "जीव वाचला. पण यांना मागचं काही आठवत नाही. पुढे आठवेल की नाही, सांगता येत नाही."

आमचे हे खाटेवर बसून मला नमस्कार करत होते. मी त्यांची बायको, हे त्यांना माहीत नव्हतं.

बायांनो, तुमच्यावर अशी वेळ आली तर ऐकून ठेवा. सगळे रडले तशी मीही रडले. पण आतून मला बरं वाटत होतं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

हे अमरावतीच्या बाजारात कापसाचे दलाल. तिकडे अमेरिकेत लढाई लागली, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तशी यांची जीभ आणखीच तिखट झाली. हात उगारायची सवय आधीपासूनची. मग अकोल्याच्या बाजाराला गेले आणि ताप घेऊनच परतले.

ताप उतरल्यावर हाच माणूस मला विचारू लागला, "तुमी जेवल्या का?" बाप्पा! लग्न झाल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. भाकर करपली तर म्हणायचे, "राहू द्या, मले अशीच आवडते." मी चुलीकडे तोंड करून हसायची.

डॉक्टरांनी उपाय सांगितला होता. "रोजचं काम हाताला करू द्या. डोकं विसरतं, हात विसरत नाही." दलालाचं काम रुमालाखालचं. त्यानं घेणाऱ्याचा, मग विकणाऱ्याचा हात रुमालाखाली धरायचा, बोटं दाबून भाव ठरवायचा, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. माझे दीर रोज म्हणायचे, "वहिनी, दादाले बाजारात नेतो." मी म्हणायची, "अजून लय अशक्त हायेत, भाऊजी." अशक्त कसले! चांगले पोटभर जेवत होते.

एका दुपारी हे अंगणात रडताना दिसले.

"लोक माह्यं नाव घेतात, अन् मले वाटते दुसऱ्याच कोनाले हाका मारून राहिले. मी कसा होतो, सांगा ना. चांगला होतो?"

खरं सांगायला जीभ रेटेना. "लय चांगले होते," मी म्हणाले.

"मंग मले तसंच करा. मले तोच व्हायचं हाये."

माझ्याच तोंडानं मी अडकले. समोर बसले, पदर पसरला, त्याखाली त्यांचा हात धरला आणि बोटं दाबली. हे बायकांचं काम नव्हे. पण बाजारात पाठवलं असतं, तर हे तिथेच बदलले असते आणि तो माणूस मला शेवटचा भेटलाच नसता.

बोटं आधी ढिली होती. मग एकदम आवळली. डोळे बदलले.

"काय नाटक लावलं व हे?" त्यांनी हात हिसकावला.

घरात साखर वाटली. डॉक्टर म्हणाले, "पूर्ण रिकव्हरी." म्हणजे माणूस होता तसा झाला. मी डॉक्टरांचे पाय धरले. त्यांनी खरंच जीव वाचवला होता.

यांना आजारातलं काही आठवत नाही. अंग तेच, आवाज तोच, मग त्या दिवसांत माझ्याशी कोण बोलत होतं? विचारायचं तरी कोणाला?

लोक म्हणतात, हिनं नवऱ्याला यमाच्या दारातून परत आणलं. एकाला आणलं, खरं आहे. दुसऱ्याला मीच खोटं बोलून तिकडे पाठवलं, आणि कपाळभर कुंकू लावून त्याचं सुतक पाळते.