सखूबाईचं तासभर पाणी

भिवातात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी फळ्यावर त्रैराशिक मांडत होतो. हातातला खडू हातातच राहिला... पोरांना सुट्टी दिली आणि रिकाम्या वर्गात ढसाढसा रडलो. त्याला आता महिना झाला.

सुप्याच्या अलीकडच्या आमच्या गावात ओढ्यावरचा बंधारा साऱ्यांचा. त्याचं पाणी पाळीपाळीनं रानात सोडणारे पाटकरी म्हणजे तात्या. खांद्यावर फावडं, पाय कायम चिखलात. पाटकऱ्यानं आपलं रान सगळ्यांत शेवटी भिजवायचं, हा गावचा रिवाज. सकाळची पाळी बाराला संपायची. गावात घड्याळ एकट्या माझ्याकडे, आणि त्याची मिजासही काही कमी नव्हती! तात्या शाळेच्या खिडकीशी येऊन विचारायचे, "मास्तर, बारा झालं का?"

लढाईपायी सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली, त्या हिवाळ्यात मी नगरला गेलो आणि तिथल्या वेळेवर काटे लावून आलो. तात्यांना सांगायचं मात्र साफ विसरलो. दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं. तात्यांनी विचारलं, मी ऐटीत "झाले" म्हणालो, आणि त्यांनी जाऊन सखूबाईचं पाणी बंद करून पुढच्या पाळीवाल्याच्या रानात वळवलं. नवरा वारलेली बाई, गहू ऐन ओंबीत, निम्मं रान कोरडं, आणि पुढची पाळी पंधरवड्यानं. तिनं बांधावर टाहो फोडला, "माज्या लेकरांच्या तोंडचा घास काडला तुमी!" लोक जमले, मीही धावलो. तेवढ्यात ऊन पडलं. सूर्य अजून डोक्यावर यायचा होता. तात्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"माजीच चूक झाली, सखू," तात्या म्हणाले. "माज्या पाळीचं पानी तू घे."

तिचा गहू तरला. तात्यांचा जागच्या जागी वाळला. वर लोकांनी तोंडसुख घेतलं ते वेगळंच. आणि मी? घरी येऊन गुपचूप काटे मागं फिरवले. लाज वाटते लिहायला, पण दोन वर्षं मी तोंड उघडलं नाही.

गेल्या आठवड्यात नवा पाटकरी नेमायला गाव बसलं. कुणीसं म्हणालं, "तात्यांवानी नेक मानूस न्हाई. येकदाच काय ती चूक झाली." मला राहवेना. उठलो, सगळं सांगून टाकलं.

सखूबाईनं पदरानं डोळे पुसले. "मला ठावं हाय, मास्तर. तात्यांनी तवाच सांगितलं हुतं. म्हनले, मास्तर भला मानूस हाय, आपनहून सांगल, तवर तू बोलू नगं... मरायच्या आदल्या पाळीलाबी मला इचारलं, 'मास्तर आलं हुतं का गं सांगाया?'"