देवमाणसाविरुद्धच्या तक्रारी

जालना जिल्ह्यात जेवढी माणसं मनातल्या मनात कुढत असतील, त्या सगळ्यांना एकदा तोंड उघडायला लावल्याशिवाय माझ्या बायकोची मावसबहीण हे जग सोडणार नाही, याविषयी मला शंका नाही. मधेच यमराज आले, तर ती त्यांनाही समोर बसवील आणि विचारील, "घरी कोण कोण असतं तुमच्या? तुमचं ऐकतं का कुणी?" ती मानसोपचार करते. शिकली पुण्याला. तिथंच राहील असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण ती परत आली आणि जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांमागच्या बोळात, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर तिनं पाटी लावली: 'व्यक्ती, जोडपी व कुटुंबांसाठी समग्र मानसोपचार'. ही पाटी वाचून सुरुवातीला जे आले, ते लग्नाच्या मुलामुलींचे बायोडेटा घेतलेले आईबाप होते. तिनं एकालाही परत पाठवलं नाही. "मुलाचं राहू द्या बाजूला," म्हणायची, "आधी तुमचं दोघांचं कसं चाललंय ते सांगा." त्यातली बरीच जोडपी पुढं नेमानं येत राहिली. मुलांची लग्नं त्यांनी दुसरीकडून जमवली.

पाटीवरचा 'समग्र' हा शब्द ती फार मनावर घेते. माणूस एकटा आजारी पडतो यावर तिचा विश्वासच नाही. झोप येत नाही म्हणून आलेल्या एका कापडवाल्याला तिनं रात्री काय जेवता, उशाला कोणती भिंत आहे, भिंतीपलीकडं कोण झोपतं, इथपर्यंत विचारलं आणि शेवटी त्याची आई, बायको, भाऊ, भावजय अशी सगळी वरात माडीवर बोलावली. तो बिचारा वैतागून म्हणाला, "मॅडम, झोप मला येत न्हाई. ह्या सगळ्यांना बराबर येती." "तेच तर," ती म्हणाली, "तुमच्या वाटची झोप कोण घेऊन राह्यलं ते बघू." समोरचा माणूस रडू दाबतोय असं दिसलं की ती स्वतःच आधी रडायला लागते, आणि तेही असं, की समोरच्याला आपलं दुःख सोडून तिला पाणी द्यावं लागतं. पाणी देता देता त्याला बोलावं लागतं. ही पद्धत पुण्याच्या अभ्यासक्रमात होती का, असं मी एकदा विचारलं होतं. "नव्हती," ती म्हणाली. "तिथं पेशंट स्वतःहून बोलतात, दाजी. आपल्याकडं असंच बोलतं करावं लागतं."

गिरणीच्या वर दवाखाना थाटल्याबद्दल सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. तिचं म्हणणं, खाली गिरणी चालू असली की वरचं गुपित वरच राहतं. ते खरंही होतं, पण वीज असेपर्यंत. मंठ्याहून एक जोडपं यायचं. नवरा घरात बोलतच नाही, ही बायकोची तक्रार. आणि तो तिथंही बोलायचा नाही. एक दिवस गिरणी भरात होती. "जोरात बोला, ऐकू येत न्हाई," असं म्हणत हिनं त्याचा आवाज वर वर चढवत नेला. त्यानं जन्मात पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "मला हिच्याशी बोलायची भीती वाटती!" नेमक्या त्याच क्षणी लाईट गेली. गिरणी थांबली आणि ते वाक्य एकटंच बोळभर फिरून आलं. खाली दळणाचे डबे घेऊन रांगेत बसलेल्यांपैकी एक म्हातारी वर तोंड करून म्हणाली, "अरे बाबा, सगळ्यांनाच वाटती! तरी बोलावं लागतंय!" त्या नवऱ्याची बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली, की तोही हसायला लागला. ते पुन्हा आले नाहीत. पेशंट पुन्हा आला नाही, की ही मावसबहीण पेढे वाटते.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, गेला तेव्हा मात्र हसण्याचे दिवस संपले असंच मला वाटलं. दादा हसनाबादला शेती बघायचा. दुपारी जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. भेटायला माणसं येऊ लागली. जो येई तो वहिनीला विचारी, "कसं झालं हो?" आणि ती सांगे. मग तो म्हणे, "देवमाणूस गेला." दुसरा येई, पुन्हा सांगणं, पुन्हा देवमाणूस. असं सांगता सांगता एक दिवस वहिनी थांबली, ती थांबलीच. कामं करायची, मान हलवायची, पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही नव्हतं. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, बाप गेला ते गेला. आईचा आवाज बी गेला तर ह्या घरात राहावं कसं?" मी पुस्तकं वाचणारा माणूस. अशा वेळी ती उपयोगाला येत नाहीत.

आमच्याकडं मयतानंतरच्या पहिल्या सणाआधी नातलग कपडे घेऊन येतात, घरच्यांना नेसवतात आणि दुखवटा काढतात. त्या दिवशी मावसबहीण स्कूटरवरून थेट हसनाबादला आली. "नात्यातल्या माणसावर उपचार करायचे नसतात, असं शिकवलंय," हेल्मेट काढत ती मला म्हणाली. "म्हणून आज मी नुसती तुमची मेहुणी आहे, दाजी. आन् मेहुणीला काय बी बोलता येतं." सकाळभर ती वहिनीला चिकटून, एक अक्षर न बोलता बसली. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

जेवणं झाली. घरचे आणि शेजारचे चाचा, एवढेच ओसरीवर उरलो. तेव्हा ती म्हणाली, "सकाळपासून ऐकून राह्यले. तुमच्याकडं कोण देव गेला ते मला माहीत न्हाई. मी दादांना ओळखत होते. आता प्रत्येकानं दादांची एक तक्रार सांगायची."

पुतण्या म्हणाला, "मावशी, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलत न्हाईत आमच्यात."

"तुमच्यात काहीच बोलत न्हाईत, दिसून राह्यलं मला. बरं, मी सांगते. माझ्या लग्नात भर मांडवात दादा म्हणाले, 'ही येड्यांची डॉक्टर. पहिला पेशंट मिळाला म्हणायचा.' माझ्या नवऱ्यासमोर!"

मला हसू आलं आणि मी खाली बघितलं. चाचांनी घसा खाकरला. "बोलूं क्या? भाई मेरी छत्री लेके गये. मांगा तो उलटा मेरेकूच बोले, तुम भुलक्कड हो."

पुतण्या एकदम म्हणाला, "मी इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवला. एकदा तरी सरळ चालवला म्हणले का?" आणि त्याचे डोळे भरले. मग डोक्यावरचा पदर सावरत सूनबाई हळूच म्हणाली, "मामंजींनी माझ्या हातच्या भाजीला कधी चांगलं म्हणलं न्हाई."

"खोटं हाय."

आवाज इतका खरखरीत होता की तो कुणाचा हे कळायला मला वेळ लागला. वहिनी सुनेकडं बघत होती. "तुझ्या मागं म्हणायचे. तोंडावर म्हणलं तर पोरगी शेफारती म्हणायचे." मग ती चाचांकडं वळली. "आन् चाचा, ती छत्री तुमची नव्हतीच. माझ्या माहेरची होती. तुम्हीच आमच्याकडून नेल्ती!"

"भाभी!" चाचा ओरडले, आणि त्या घरात किती तरी दिवसांनी माणसं पोट धरून हसली. मग वहिनीचा बांध फुटला. चहा गोड झाला म्हणून परत पाठवायचे, पुन्हा केला की फिक्का म्हणून. घोरायचे, आणि मी घोरतच न्हाई म्हणून भांडायचे. माहेरचं कुणी आलं की नेमकं शेतात काम निघायचं. एकेक तक्रार बाहेर पडत होती आणि तिच्यामागून आमचा दादा, हट्टी, तापट, फाटक्या तोंडाचा, ओसरीवर येऊन बसत होता. शेवटी ती म्हणाली, "कुठं चाललो ते कधी सांगून गेले न्हाईत. ह्या वेळी बी न्हाई." आणि रडली. तिच्यापेक्षा मोठ्यानं मावसबहीण रडली. वहिनीनंच उठून तिला पाणी दिलं. "घे. नाक पूस आधी," ती म्हणाली. परत निघताना मावसबहिणीनं स्कूटरचा हॉर्न वेशीपर्यंत वाजवत नेला. दुखवट्याच्या घरून असं कुणी निघालेलं हसनाबादनं पूर्वी पाहिलं नसेल.

आता कुणी 'देवमाणूस' म्हटलं, की वहिनी म्हणते, "बसा. कसले देवमाणूस ते सांगते." मी सुट्टीच्या दिवशी हसनाबादला जातो तो तेवढं ऐकायलाच. दरवेळी एखादी नवी तक्रार निघते. परवा ओट्यावर बसलो होतो. त्यांनी एकदा पेरणीच्या दिवसांत काय केलं, असं म्हणून तिनं सुरुवात केली आणि मधेच थांबली.

"पुढं आठवंना," ती म्हणाली.

"आठवेल," मी म्हणालो. उन्हं कलली, तरी ते पुढचं आठवायची वाट बघत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.