कांड्यांची टोपली

आमच्या अंगणवाडीतली खेळणी दुकानातून येत नसत. शेलार गावातल्या लूमवाल्यांकडून, म्हणजे यंत्रमागवाल्यांकडून, मी सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणि सुताचे कोन टोपलीभर मागून आणायचे. मुलं त्यांचे मनोरे रचत, मोजत, रंगांवरून भांडत. मला तो अभ्यासच वाटायचा. गावाला वाटायचा नाही.

त्या वर्षी चार वर्षांची एक मुलगी आली. तिचा बाप लूमवर रात्रपाळीला, दिवसभर एकुलत्या एका खोलीत झोपलेला. त्यामुळे घरात आवाज करायचा नाही, हे ती बोलायच्या आधीच शिकली होती. तीन महिने तिने माझ्यासमोर चकार शब्द काढला नाही. नाव विचारलं की फ्रॉकची कड चावायची.

मग एके दिवशी मुलांनी लूम मांडला. दोन बाकांमध्ये सुतळ्या, हातात कांड्या, तोंडाने खटाखट. लूमवर ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू जात नाही, हे इथल्या प्रत्येक पोराला ठाऊक. ही कोपऱ्यातून उठली, सुतळीपाशी गेली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "धागा टूटा! बंद कर!" मदतनीस बाईंच्या हातातला खिचडीचा डाव हातातच राहिला. मी तर चक्क रडले. त्या दिवसापासून ती मुकादम झाली आणि सगळ्यांना दमात घेऊ लागली.

पण मी कच्ची निघाले. नातवाला न्यायला आलेले एक आजोबा दारातच म्हणाले, "ताई, खेलायला घर हाय की! त्या इंग्लिश शाळेतली पोरं एबीसीडी लिवतात, आमच्याला कायच येत न्हाय." पुढच्या पंधरा दिवसांत तीन मुलं त्या शाळेत गेली. मी घाबरले. टोपली कपाटावर चढवली आणि पाट्या वाटल्या. मुकादम पुन्हा कोपऱ्यात जाऊन बसली.

एका दुपारी तिने माझा पदर ओढला, कपाटावर बोट दाखवलं आणि तोंड उघडलं. बाकीची मुलं गिरवत होती. मी ओठांवर बोट ठेवलं. "उद्या हं."

दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. मी खोलीवर गेले तर कुलूप. बाप ज्या लूमवर कामाला होता, ते भंगारात निघाले होते आणि घरचे सगळे मुलुखाला, उत्तरेकडच्या आपल्या गावी, परत गेले होते.

इतक्या वर्षांनी परवा प्रशिक्षणात एक मॅडम तळमळून सांगत होत्या, मुलं खेळातून शिकतात. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं, मीही. राग आला मला, पण त्यांचा नाही.

आता टोपली खालीच असते. लूमच्या जागी गोडाऊनं आलीत, म्हणून हल्लीची मुलं गोडाऊन मांडतात, कोनांची पार्सलं करतात आणि त्यांवर खोटा स्कॅनर धरून बीप-बीप करत फिरतात. गोड खेळतात. तरी कुणी मोठ्याने ओरडलं की मी चटकन वळून बघते. ती आता दहा-अकरा वर्षांची असेल. कुठल्या गावी, कुठल्या शाळेत, कोण जाणे. ती बोलते का, एवढंच मला कुणीतरी सांगावं. कारण मी तिला शेवटचं जे शिकवलं, ते ओठांवरचं बोट होतं.